कूटलेखनामागचे गणित हाताने सोडवताना : बडोद्यातील नवशिक्यांसाठी क्रमवार मार्गदर्शन

दांडिया बाजार, रावपुरा आणि मांडवी परिसरात राहणारे आम्ही काही मराठी विद्यार्थी, शिक्षक आणि नोकरदार रविवारी सकाळी एकत्र बसून क्रिप्टोग्राफीमागच्या गणिताचा सराव करतो. नव्याने येणाऱ्या व्यक्तीला सहसा थेट आरएसए ही जाहीर किल्लीने मजकूर लपवण्याची पद्धत शिकायची असते, कारण तेच नाव कानावर पडलेले असते. पुस्तकातील सूत्र एका पानात संपते, उदाहरण समोर असेपर्यंत सगळे समजल्यासारखे वाटते आणि आकडे बदलताच हात थांबतो. ही अडचण बहुधा आरएसएमध्ये नसतेच. भागाकारातील बाकी, गुणाकार व्यस्त आणि मोठे घात या तीन गोष्टी पुरेशा हाताखालून गेलेल्या नसतात, आणि त्या पक्क्या केल्या की पुढचा रस्ता पुष्कळ सरळ होतो. त्यासाठी कोणता क्रम धरावा आणि नवखे लोक कुठे अडकतात, हे या लेखात सांगितले आहे.

एक नियम आधीच ठरवून घ्यावा. प्रत्येक पद्धतीवर तीन फेऱ्या करायच्या: पहिल्या फेरीत मजकूर लपवायचा, दुसरीत किल्ली वापरून तो उलगडायचा आणि तिसरीत किल्ली हाताशी नाही असे धरून तो फोडायचा. तिसरी फेरी बहुतेक जण वगळतात. माझे स्पष्ट मत असे आहे की ज्याने एखादी पद्धत स्वतःच्या हाताने फोडलेली नाही, त्याला तिच्यातील एकही अट का घातली आहे हे खऱ्या अर्थाने समजलेले नसते.

१. साहित्य जमवा

फार थोडे लागते. चौकटीची एक जाड वही, पेन्सिल, खोडरबर, साधा कॅल्क्युलेटर आणि पायथन बसवलेला एखादा जुना लॅपटॉप एवढे पुरे. सेजमॅथ किंवा पारी-जीपी ही मोफत सॉफ्टवेअर पुढे उपयोगी पडतात, पण पहिल्या पाच पायऱ्यांना त्यांची गरज नाही. पूर्वज्ञान म्हणून शाळेतील मसावि, लसावि, मूळसंख्या आणि घातांकांचे नियम येत असावेत; गुजराती माध्यमात शिकलेल्यांना हेच सारे गुसाअ आणि लसाअ म्हणून ठाऊक असते. संख्यासिद्धांतावरील जुनी, सोप्या भाषेतील पुस्तके चाळायची असतील तर मांडवीजवळचे सयाजीराव महाराजांच्या काळातले, १९१० साली सुरू झालेले मध्यवर्ती ग्रंथालय आहे. महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकणाऱ्यांना हंसा मेहता ग्रंथालयही खुले असते.

वहीच्या उजव्या पानावर उदाहरण आणि डाव्या पानावर त्याचा ताळा लिहिण्याची सवय लावा. या विषयात उत्तर चुकले आहे हे आकड्याकडे पाहून कधीच कळत नाही, कारण बाकी शून्यापासून पुढे कोणतीही असू शकते आणि सगळ्याच बाक्या सारख्याच खऱ्या वाटतात.

२. बाकीचे अंकगणित पक्के करा

घड्याळात दहानंतर पाच तासांनी तीन वाजतात, हे ज्याला कळते त्याला बाकीची बेरीज आपोआप कळते. गुणाकारही तसाच आहे. भागाकार मात्र तसा नाही, आणि पहिला खड्डा तिथेच आहे. ३४ च्या अंकगणितात, म्हणजे प्रत्येक उत्तराची ३४ ने भागून बाकी घेत असताना, ५ ने भागायचे म्हणजे ज्या संख्येला ५ ने गुणल्यावर बाकी १ उरते, त्या संख्येने गुणायचे. ती संख्या ७, कारण ५ गुणिले ७ म्हणजे ३५ आणि ३५ ला ३४ ने भागून बाकी १. अशा संख्येला गुणाकार व्यस्त म्हणतात. मूळ संख्येचा ३४ शी मसावि १ असेल तरच तो अस्तित्वात असतो. ४ ला किंवा १७ ला ३४ च्या अंकगणितात व्यस्त मिळतच नाही.

लहान संख्यांचा व्यस्त चाचपडून सापडतो, पण मोठ्या संख्यांसाठी युक्लिडची पायऱ्यापायऱ्यांची भागाकार पद्धत उलटी चालवावी लागते. आपल्याकडे हेच काम आर्यभटाने पाचव्या शतकाच्या अखेरीस सांगितले, पुढे ते कुट्टक या नावाने ओळखले गेले आणि भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात ते विस्ताराने मांडले. २१६ च्या अंकगणितात २५ चा व्यस्त काढून पाहा.

२१६ = ८ × २५ + १६
२५ = १ × १६ + ९
१६ = १ × ९ + ७
९ = १ × ७ + २
७ = ३ × २ + १

आता खालून वर येत प्रत्येक बाकी तिच्या वरच्या ओळीतून भरत गेल्यास १ = ११ × २१६ − ९५ × २५ असे मिळते. म्हणून २५ चा व्यस्त −९५, म्हणजे २१६ मिळवून १२१. ताळा: २५ × १२१ = ३०२५ आणि १४ × २१६ = ३०२४. असे उदाहरण चुकल्याशिवाय सुटू लागेपर्यंत पुढे जाऊ नका. परत वर येताना उणे-अधिक चिन्हांचा घोळ जवळजवळ प्रत्येकाचा होतो, आणि त्यावर उपाय म्हणजे प्रत्येक ओळीनंतर डाव्या व उजव्या बाजूची किंमत खरोखर सारखी येते का, हे तपासणे.

ऋण संख्यांबाबत एक सूचना आताच लक्षात ठेवा. सी किंवा जावा या भाषांमध्ये −५ ला ३४ ने भागून बाकी −५ मिळते, तर पायथनमध्ये आणि एक्सेलच्या मॉड सूत्रात २९ मिळते. आपल्याला नेहमी २९ हवे आहे. सी किंवा जावामध्ये प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांचा मजकूर उलगडताना बिघडतो, त्यामागे बहुतेक वेळा हेच कारण निघते.

३. चौतीस व्यंजनांची पट्टी तयार करा

पुस्तकांतील उदाहरणे इंग्रजीच्या २६ अक्षरांवर असतात. मी मराठीतच सराव करण्याचा आग्रह धरतो, कारण पुस्तकातील उत्तर उतरवून काढण्याचा मोह त्यात उरत नाही आणि २६ ऐवजी ३४ आल्यामुळे कोणती अट कशावर अवलंबून आहे हे नव्याने विचारात घ्यावे लागते. लहानपणी ‘च’ची भाषा बोलताना ‘पाणी’चे ‘चाणीप’ करणारा प्रत्येक जण एका अर्थाने कूटलेखन करून चुकलेला आहे. आता तेच काम आकड्यांनी करायचे आहे.

क पासून ङ पर्यंत ० ते ४, च वर्गाला ५ ते ९, ट वर्गाला १० ते १४, त वर्गाला १५ ते १९, प वर्गाला २० ते २४, य र ल व यांना २५ ते २८ आणि श ष स ह ळ यांना २९ ते ३३ असे क्रमांक द्या. क्ष म्हणजे क आणि ष, ज्ञ म्हणजे ज आणि ञ असे फोडून लिहा. स्वर आणि मात्रा सध्या आहेत तशाच ठेवा.

आता दोन आकड्यांची किल्ली घ्या: गुणक ५ आणि सरक ३. प्रत्येक व्यंजनाच्या क्रमांकाला ५ ने गुणून ३ मिळवायचे आणि ३४ ने भागून बाकी घ्यायची. ‘बडोदा’ या शब्दातील ब चा क्रमांक २२, त्याचे ११३ आणि बाकी ११, म्हणजे ठ. ड १२ चे ६३, बाकी २९, म्हणजे श. द १७ चे ८८, बाकी २०, म्हणजे प. मात्रा जागच्या जागी ठेवल्यावर ‘बडोदा’चे ‘ठशोपा’ होते. उलगडताना आधी ३ वजा करायचे आणि मग ७ ने गुणायचे: ठ म्हणजे ११, वजा ३ म्हणजे ८, गुणिले ७ म्हणजे ५६, बाकी २२, पुन्हा ब. आधी गुणून नंतर वजा केल्यास उत्तर चुकते. कृती ज्या क्रमाने केली त्याच्या उलट क्रमाने ती सोडवायची असते.

गुणक मनाला येईल तो घेता येत नाही. गुणक ४ घेतला तर क (०) आणि द (१७) या दोघांचेही उत्तर एकच येते आणि मजकूर कायमचा हरवतो. गुणक १७ घेतल्यास सगळी पट्टी दोनच अक्षरांत गोळा होते. ३४ शी मसावि १ असणारे १६ गुणक आहेत आणि सरक ३४ प्रकारचे, म्हणजे एकूण किल्ल्या ५४४. किल्ल्या किती आहेत हे प्रत्येक पद्धतीत मोजून वहीत लिहून ठेवा.

हेच संगणकावर करणाऱ्यांसाठी एक इशारा देतो, कारण इथे पुष्कळांचा पुष्कळ वेळ जातो. युनिकोडमध्ये क ते ह या पट्ट्यात ३४ नव्हे तर ३७ व्यंजने आहेत. खाली नुक्ता असलेली ऩ, ऱ आणि ऴ ही अक्षरे मध्येच बसलेली आहेत आणि ळ हा ल च्या लगेच नंतर, व च्या आधी येतो. त्यामुळे अक्षराच्या युनिकोड क्रमांकात थेट बेरीज केली तर वहीतील उत्तर आणि पडद्यावरील उत्तर जुळत नाही. आपली पट्टी एका यादीत स्वतः लिहून ठेवा आणि क्रमांक त्या यादीतूनच काढा. ‘तऱ्हा’ किंवा ‘वाऱ्यावर’ यांसारख्या शब्दांतील ऱ ला आधी र करून घ्या.

४. आता तेच कूट फोडा

५४४ किल्ल्या संगणक क्षणात तपासतो, पण हाताने फोडण्यात जे गणित शिकायला मिळते ते तसे तपासण्यात मिळत नाही. मराठी वाक्य फार वेळा ‘आहे’ने संपते, आणि स्वर उघडे ठेवल्यामुळे ‘आ’ने सुरू होऊन ‘ए’ च्या मात्रेने संपणारा दोन अक्षरी शब्द वाक्यअखेरीस वारंवार दिसला की तो ‘आहे’ असण्याचा दाट संभव असतो. वरच्या किल्लीने ह (३२) चे २७, म्हणजे ल होते, म्हणून कूटमजकुरात ‘आले’ दिसते. हा मराठीतीलच सरळ शब्द असल्याने नवखा माणूस फसतो आणि इथे काही लपवलेलेच नाही असे समजतो. तसेच वाक्याच्या मध्ये येणारा ‘आचि’ हा ‘आणि’ असावा असे धरा. ण चा क्रमांक १४ आणि च चा ५.

दोन समीकरणे मिळाली: ३२ × गुणक + सरक = २७ आणि १४ × गुणक + सरक = ५. वजाबाकी केल्यावर १८ × गुणक = २२, अर्थात ३४ च्या अंकगणितात. इथे १८ ने भागता येत नाही, कारण १८ आणि ३४ यांचा मसावि २ आहे. अनेक जण इथे हात टेकतात. उपाय असा की सगळ्यालाच २ ने भागून प्रश्न १७ च्या अंकगणितात न्यायचा: ९ × गुणक = ११. तिथे ९ चा व्यस्त २ आहे, म्हणून गुणक = २२, म्हणजे १७ ने भागून बाकी ५. परत ३४ मध्ये आल्यावर दोन उमेदवार उरतात, ५ आणि २२. त्यांतील २२ सम असल्यामुळे त्याला व्यस्तच नाही, म्हणून तो बाद. गुणक ५ आणि त्यावरून सरक ३.

या एका उदाहरणात व्यस्ताची अट, मसाविचा अडथळा, अंकगणित लहान करण्याची युक्ती आणि उमेदवार बाद करण्याची पद्धत अशा चार गोष्टी एकत्र येतात. आकडे बदलून ते पुन्हा पुन्हा करा. त्यानंतर स्वर आणि मात्रांनाही क्रमांक देऊन पट्टी वाढवा आणि फोडणे किती अवघड झाले ते पाहा; शब्दांमधील मोकळ्या जागा काढून टाकल्यावर ते आणखी अवघड होते.

५. व्हिजेनेर आणि मसाविचा दुसरा उपयोग

व्हिजेनेर पद्धतीत सरक प्रत्येक अक्षरागणिक बदलते. ‘सयाजी’ ही किल्ली घेतली तर स, य, ज यांचे ३१, २५ आणि ७ हे क्रमांक आळीपाळीने मिळवत जायचे. मूळ मजकुरातील एखादा तुकडा किल्लीच्या त्याच जागी पुन्हा आला तर कूटमजकुरातही तोच तुकडा पुन्हा उमटतो. प्रशियाच्या सैन्यातील निवृत्त अधिकारी फ्रीड्रिश कासिस्की यांनी १८६३ मध्ये यावरूनच फोडण्याची रीत प्रसिद्ध केली. पुन्हा आलेल्या तुकड्यांमधील अंतरे मोजा. ती १२, २१, ३० अशी आली तर मसावि ३, म्हणजे किल्लीची लांबी बहुधा ३. एखादे अंतर निव्वळ योगायोगाने आलेले असते आणि ते मसावि १ वर आणून ठेवते, म्हणून जे अंतर एकटेच विसंगत आहे ते वगळून पाहावे. लांबी कळली की प्रत्येक तिसरे अक्षर वेगळे काढून त्याची साधी सरक शोधायची. यासाठी मजकूर पुरेसा लांब हवा. दोन ओळींच्या मजकुरावर ही पद्धत चालत नाही.

६. मूळसंख्या ओळखायला शिका

आरएसए आणि डिफी-हेलमनसारख्या आधुनिक पद्धतींचा डोलारा मोठ्या मूळसंख्यांवर उभा असतो. फर्माच्या लहान प्रमेयाप्रमाणे एखादी संख्या मूळ असेल तर तिच्याहून लहान कोणत्याही धन संख्येचा ‘त्या संख्येतून एक वजा’ इतका घात घेतल्यावर बाकी १ उरते. याचा उलट अर्थ लावणे हा या पायरीवरचा मोठा सापळा. ५६१ = ३ × ११ × १७, तरीही २ चा ५६०वा घात ५६१ ने भागला तर बाकी १ च येते. रामानुजनांच्या नावाने प्रसिद्ध असलेली १७२९ ही संख्या, म्हणजे ७ × १३ × १९, हीसुद्धा याच जातीची आहे. यांना कारमायकेल संख्या म्हणतात.

यावर उपाय मिलर-राबिन चाचणी. ५६० = १६ × ३५, म्हणून २ चा ३५वा घात काढून पुढे फक्त वर्ग करत जायचे. ५६१ च्या अंकगणितात हे आकडे अनुक्रमे २६३, १६६, ६७ आणि १ असे येतात. संख्या मूळ असती तर ज्याचा वर्ग १ आहे अशा संख्या १ आणि −१ एवढ्याच असत्या. इथे ६७ चा वर्ग १ आला, म्हणजे ५६१ मूळ नाही. इतकेच नव्हे, तर ६७ वजा १, म्हणजे ६६, आणि ५६१ यांचा मसावि ३३ काढल्यावर अवयवही हाती लागतो. ही साखळी पूर्ण हाताने करा. आयआयटी कानपूरमधील मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी २००२ मध्ये मूळसंख्येची खात्रीशीर आणि तत्त्वतः जलद चाचणी दिली, तो भारतीय गणितातील मोठा टप्पा आहे. प्रत्यक्ष वापरात मात्र वेगामुळे मिलर-राबिनच अधिक चालते.

७. आरएसए

आता आरएसएकडे वळायला हरकत नाही. रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन यांनी ही पद्धत १९७७ मध्ये तयार केली. ब्रिटिश गुप्तसंस्थेतील क्लिफर्ड कॉक्स यांना ती १९७३ मध्येच सुचली होती, पण ते १९९७ पर्यंत गुप्त राहिले.

मूळसंख्या १३ आणि १९ घ्या. त्यांचा गुणाकार २४७ जाहीर करायचा. १२ × १८ = २१६ ही संख्या लपवायची. सार्वजनिक घात ५ निवडा, कारण ५ आणि २१६ यांचा मसावि १ आहे. खासगी घात म्हणजे २१६ च्या अंकगणितात ५ चा व्यस्त. २१६ = ४३ × ५ + १, म्हणून तो −४३, म्हणजे १७३. काही पुस्तकांत २१६ ऐवजी १२ आणि १८ यांचा लसावि ३६ घेतात. त्यात ५ चा व्यस्त २९ येतो. उत्तर जुळत नाही म्हणून नवखे इथे गोंधळतात, परंतु दोन्ही घात बरोबरच आहेत, कारण १७३ ला ३६ ने भागून बाकी २९ च उरते. हाताने करताना २९ सोपा पडतो.

संदेश ७ आहे असे समजा. ७ चा ५वा घात १६८०७, त्याला २४७ ने भागून बाकी ११. कूटसंदेश ११. उलगडण्यासाठी ११ चा २९वा घात हवा, आणि तो २९ वेळा गुणून काढायचा नसतो. वर्ग करत जा:

११ चा २रा घात : १२१
४था घात : ६८
८वा घात : १७८
१६वा घात : ६८

२९ = १६ + ८ + ४ + १, म्हणून ६८ × १७८ × ६८ × ११. पहिल्या दोघांचा गुणाकार १२१०४, बाकी १; उरलेल्या दोघांचा ७४८, बाकी ७. संदेश परत मिळाला. प्रत्येक गुणाकारानंतर लगेच बाकी काढत जा. मोठा घात एकदम काढून शेवटी भागाकार करायला गेल्यास साधा कॅल्क्युलेटर शेवटचे आकडे गिळतो आणि बाकी पूर्णपणे चुकीची येते.

या पायरीवर तीन चुका वारंवार होतात. घातांक लहान करताना तो २४७ ने भागला जातो. तो २१६ ने किंवा ३६ ने भागायचा असतो. संदेश २४७ पेक्षा मोठा घेतला जातो. ३०० पाठवले तर ५३ परत मिळतात. तिसरी चूक वृत्तीची आहे: उदाहरण सुटले म्हणजे पद्धत सुरक्षित आहे, असे समजणे.

म्हणून तिसरी फेरी. २ चे कूट ३२ आहे. कोणी ११ हा कूटसंदेश अडवून त्याला ३२ ने गुणले तर ३५२, बाकी १०५ येते, आणि १०५ उलगडल्यावर १४ मिळतात. अडवणाऱ्याला ७ ठाऊक नसतानाही त्याने संदेश दुप्पट केला. रक्कम पाठवण्याच्या जागी याचा अर्थ काय होईल, हे सांगायला नको. खऱ्या वापरात संदेशाला यादृच्छिक भर घालून ठरावीक साच्यात बसवतात, ते याच कारणाने.

पुढे ९७९७ चे अवयव पाडा. याच्या लगेच वरचा पूर्ण वर्ग ९९ चा, ९८०१. फरक ४, म्हणजे २ चा वर्ग. म्हणून अवयव ९९ − २ आणि ९९ + २, म्हणजे ९७ आणि १०१. दोन मूळसंख्या एकमेकींच्या फार जवळ असू नयेत, ही अट या तीन ओळींतून सिद्ध होते. नंतर २४७ आणि २९९ या दोन जाहीर संख्यांचा मसावि काढा: १३. दोघांनी एक मूळसंख्या सामाईक वापरली आणि दोघांच्याही किल्ल्या एका मसाविने उघडल्या. हे केवळ वहीतले उदाहरण नाही. २०१२ मध्ये संशोधकांनी इंटरनेटवरील किल्ल्या गोळा करून त्यांचे मसावि काढले, तेव्हा अनेक खऱ्या किल्ल्या अशाच फुटल्या. राउटरसारखी उपकरणे सुरू होताच पुरेशी यादृच्छिकता जमण्याआधी किल्ली बनवत होती, हे त्याचे मुख्य कारण होते. आज वापरात असलेली २०४८ बिटांची संख्या ६१७ अंकी असते, तर २०२० मध्ये २५० अंकी आव्हानसंख्येचे अवयव पाडण्यात यश आले.

८. डिफी-हेलमन

उघडपणे आकडे देऊन-घेऊनही दोघांनी एकच गुप्त संख्या ठरवण्याची ही पद्धत आहे, म्हणून इथे दोन माणसे लागतात. सोबतीला कोणी घ्या. मूळसंख्या २९ आणि पाया २ उघडपणे ठरवा. एकाने गुप्तपणे ५ निवडला, तर तो २ चा ५वा घात, म्हणजे ३, कागदावर लिहून देतो. दुसऱ्याने ११ निवडला, तर तो १८ देतो. पहिला १८ चा ५वा घात काढतो, दुसरा ३ चा ११वा. दोघांनाही १५ मिळतात.

फोडण्यासाठी २ चा कितवा घात १८ आहे हे शोधायचे. सगळे घात तपासण्याऐवजी ० ते ५ घातांची यादी करा: १, २, ४, ८, १६, ३. मग २ च्या ६व्या घाताचा, म्हणजे ६ चा, व्यस्त घ्या, तो ५. १८ × ५ = ९०, बाकी ३, आणि ३ यादीत पाचव्या घाताशी सापडतो. म्हणून उत्तर ६ + ५ = ११. साधारण २८ पायऱ्यांचे काम वर्गमुळाइतक्या पायऱ्यांत झाले. अशा पद्धतींत कितीही बिटांची किल्ली असली तरी या हल्ल्यामुळे तिची खरी ताकद फार तर निम्म्या बिटांइतकीच धरता येते. लंबवर्तुळी वक्रांवरील पद्धतींत २५६ बिटांच्या किल्लीला १२८ बिटांची सुरक्षा म्हणतात, ती यामुळेच.

९. वक्र आणि बिटांची गणिते

१९८५ मध्ये नील कोब्लिट्झ आणि व्हिक्टर मिलर यांनी स्वतंत्रपणे सुचवलेल्या लंबवर्तुळी वक्रांना लोक उगाच घाबरतात. ७ च्या अंकगणितात ‘य चा वर्ग = क्ष चा घन + २क्ष + ३’ हा वक्र घ्या. क्ष च्या सात किमती घालून पाहिल्या की (२,१), (२,६), (३,१), (३,६), (६,०) हे पाच बिंदू मिळतात, आणि अनंतातील एक धरून सहा. (२,१) ची दुप्पट करताना उतार १४ भागिले २, म्हणजे ७, म्हणजे ०. त्यावरून (३,६) मिळतो. त्यात पुन्हा (२,१) मिळवला की (६,०). पूर्ण बेरजेचा तक्ता सहा ओळींत मावतो. तो एकदा स्वतः भरा.

एईएस या, दोन्हीकडे एकच गुप्त किल्ली वापरणाऱ्या पद्धतीसाठी बिटांच्या बहुपदींचा गुणाकार लागतो. आठ बिटांच्या आधी तीन बिटांवर करा: क्ष चा घन = क्ष + १ असा नियम धरून १०१ (म्हणजे क्ष चा वर्ग + १) आणि ०११ (म्हणजे क्ष + १) यांचा गुणाकार १०० येतो का ते पाहा. बेरजेत हातचा नसतो, एवढे विसरू नका.

१०. संगणकाकडे वळताना

पायथनमधील पॉव हे फंक्शन तीन संख्या दिल्यावर घाताची बाकी थेट देते, आणि ३.८ आवृत्तीपासून घात −१ दिल्यास गुणाकार व्यस्तही देते. वहीतील प्रत्येक उत्तर यावर तपासा, पण आधी वही आणि मग पडदा. यादृच्छिक किल्लीसाठी रँडम मॉड्यूल वापरू नका. त्यातून मिळालेल्या ३२ बिटांच्या ६२४ संख्या कोणाच्या हाती लागल्या तर पुढच्या सगळ्या वर्तवता येतात. सीक्रेट्स मॉड्यूल वापरा. क्रिप्टोहॅक आणि क्रिप्टोपाल्स येथील मोफत प्रश्नमालिका या टप्प्यावर उत्तम आहेत. फोडण्याचा सराव फक्त स्वतःच्या, सोबत्याच्या किंवा सरावासाठीच ठेवलेल्या मजकुरावर करा, आणि स्वतः लिहिलेला प्रोग्रॅम कोणाचीही खरी माहिती जपण्यासाठी कधीही वापरू नका. त्यासाठी अनेकांनी तपासलेली लायब्ररीच हवी.

पीटर शोर यांनी १९९४ मध्ये दाखवले की पुरेसा मोठा क्वांटम संगणक आरएसए आणि डिफी-हेलमन दोन्ही फोडू शकेल. म्हणून अमेरिकेच्या निस्ट संस्थेने ऑगस्ट २०२४ मध्ये जालकांच्या, म्हणजे जाळीसारख्या नियमित बिंदूंच्या मांडणीच्या, गणितावर आधारलेले नवे मानक जाहीर केले, ज्यात सगळे अंकगणित ३३२९ या मूळसंख्येवर चालते. तिकडे जाण्याआधी एक उदाहरण सोडवा: ३३२९ च्या अंकगणितात १७ चा १२८वा घात −१ येतो, हे सात वेळा वर्ग करून दाखवा. मधले आकडे २८९, २९६, १०६२, २६४२, २५८० आणि १७२९ असे यावेत आणि शेवटी ३३२८ यावेत. २६४२ चा वर्ग करताना त्याऐवजी −६८७ घेतल्यास आकडे लहान राहतात. साखळी कुठे तुटली हे शोधायचे असेल तर पहिल्यांदा तीच ओळ तपासा.